परदेशी पाहुण्याला मराठी शिकवताना मुंबई कशी दाखवाल

मराठी शिकायला मुंबईत आलेला परदेशी विद्यार्थी सकाळी वर्गात 'हे केवढ्याला?' घोकतो. संध्याकाळी कुलाब्याच्या फुटपाथवर तेच वाक्य म्हणतो आणि समोरचा त्याला इंग्रजीत भाव सांगून मोकळा होतो. असं चार-पाच वेळा झालं की विद्यार्थी मराठी बोलायचा प्रयत्नच सोडून देतो. यात त्याचा दोष नाही. पर्यटकांच्या जागा आणि मराठी ऐकू येणाऱ्या जागा मुंबईत बहुतेक वेगवेगळ्या आहेत, आणि वर्ग नि भटकंती यांचं वेळापत्रक आपण एकमेकांना न विचारता लावतो. घरी असा विद्यार्थी उतरणार असेल, किंवा त्याला शिकवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते इथे सांगतो. हिशोब चार आठवड्यांचा धरला आहे.

आधी कागदपत्रं, कारण ती राहिली तर पुढचं सगळं अडतं. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की यजमानाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. आजवर लोक तिला 'फॉर्म सी' म्हणत आले आहेत. हा नियम हॉटेलांइतकाच घरालाही लागू आहे, हे अनेक कुटुंबांना माहीतच नसतं. विद्यार्थी १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आला असेल तर उतरल्यापासून १४ दिवसांत त्याने स्वतःची नोंदणीही करायची. सहा महिन्यांच्या आतला, पदविका किंवा प्रमाणपत्र न देणारा भाषेचा छोटा वर्ग पर्यटक व्हिसावर चालतो. परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेला रीतसर अभ्यासक्रम असेल तर मात्र विद्यार्थी व्हिसाच लागतो. हे विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्यायला सांगा.

वेळापत्रक

आठवड्यातून चार सकाळी दीड-दीड तासाचा वर्ग पुरतो. भटकंती तीनदा, बहुधा दुपारी. रोज वर्ग आणि रोज भटकंती असं ठेवलं तर दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थी नुसता दमलेला असतो, आणि उकाड्याची सवय नसेल तर आजारीही पडतो. प्रत्येक फेरीला भाषेचं एकच काम द्या. 'आज फक्त भाव विचारायचा', 'आज फक्त कुठे उतरायचं ते सांगायचं'. काम चिठ्ठीवर देवनागरीत लिहून द्या, रोमन लिपीत नको. रोमनमध्ये वाचायची सवय लागली की ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल हे सगळे त्याच्या तोंडी एकच होतात, आणि ते नंतर सुटे करायला फार वेळ जातो.

पहिल्या आठवड्यात लिपी आणि आकडे. पूर्ण बाराखडी पाठ होईपर्यंत थांबू नका. दुकानांच्या पाट्या वाचायला काढा. केमिस्टच्या दुकानावर 'मेडिकल', सलूनवर 'सलून', हॉटेलावर 'स्नॅक्स' हे शब्द देवनागरीत लिहिलेले असतात आणि विद्यार्थ्याला अर्थ आधीच माहीत असतो. त्यामुळे त्याचं सगळं लक्ष अक्षरावर राहतं. घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर अशा तीस-चाळीस पाट्या सहज मिळतात.

आकड्यांचं खरं पुस्तक म्हणजे बेस्टची बस. बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत असतो आणि परदेशी डोळा तो हमखास चुकीचा वाचतो. आपला १ त्याला इंग्रजी नऊ वाटतो, ४ आठ वाटतो, ५ चार वाटतो, ६ आणि ९ मध्ये गल्लत होते. म्हणजे पाटीवर ४१ असेल तर तो एकोणनव्वद वाचून बस सोडून देतो. स्टॉपवर वीस मिनिटं उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर मोठ्याने वाचायला लावा, चढायचं नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन दिवसांत आकडे पक्के होतात. मग एक दिवस चढा. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि वातानुकूलित बसचं १२ रुपये आहे. कंडक्टरला थांब्याचं नाव सांगून तिकीट मागायचं, सुट्टे पैसे हातात तयार ठेवायचे. शंभरची नोट पुढे केली की संभाषण सुट्ट्या पैशांवर जातं आणि शिकलेलं वाक्य बाजूला राहतं.

शंभरपर्यंतचे आकडे मराठीत ओळीने शिकवायला बसलात तर आठवडा जातो. भाव बहुतेक दहाच्या पटीत असतात, म्हणून दहा, वीस, तीस, चाळीस आधी. मग पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. 'साडेएक' आणि 'साडेदोन' असं काही नसतं, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर विद्यार्थी नियम लावून ते तयार करतोच. 'एकोण' म्हणजे एक उणा हे कळलं की एकोणतीस, एकोणचाळीस आपोआप सुटतात.

घरात काय सांभाळायचं

दोन चुका विद्यार्थी घरातूनच उचलतो. पहिली तू-तुम्हीची. आजी त्याला प्रेमाने म्हणते, 'ये, बस, खा'. तो तेच शब्द जसेच्या तसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना म्हणतो, 'काका, बस!' त्याला उद्धटपणा करायचा नसतो, कानावर दुसरं रूपच पडलेलं नसतं. म्हणून पहिले दोन आठवडे घरातल्या सगळ्यांनी त्याच्याशी 'या, बसा, घ्या, सांगा' असंच बोलावं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बाहेर भाजीवाल्या मावशींशी आणि कंडक्टरदादांशी त्याला हीच रूपं लागणार आहेत. मावशी, ताई, काका, दादा ही चार हाकांची नावंही सोबत द्या. नुसतं 'एक्सक्यूज मी' म्हटलं की समोरचा लगेच इंग्रजीकडे वळतो.

दुसरी चूक लिंगाची. शिकवणारा पुरुष आणि शिकणारी मुलगी असेल तर ती 'मी जातो, मी आलो' असंच पाठ करते. उलटही होतं. यावर उपाय सोपा आहे: शिकवणाऱ्याने प्रत्येक नमुना वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडचं म्हणून सांगावं. मुलगी असेल तर 'मी जाते, मी आले, मी विचारलं'. शेवटच्यात फरक पडत नाही, ते का, हे दुसऱ्या आठवड्यानंतर सांगा.

चूक झाली की वाक्य अडवू नका. 'मी काल दादरला गेला' असं ती म्हणाली तर 'हो का, तुम्ही दादरला गेलात? काय घेतलंत?' असं बरोबर रूप वापरून पुढे बोलत राहा. दर वाक्याला सुधारणा मिळाली की माणूस बोलणं आखडतं घेतो.

उच्चारात च आणि ज यांच्याकडे लवकर लक्ष द्या. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाळ' मधला वेगळा, हे पुस्तकात दिसत नाही, कारण अक्षर एकच आहे. चमचा हा शब्द यासाठी उत्तम. 'चमचा' म्हणताना शेवटचा च जीभ दातांमागे टेकवून येतो, 'चमचे' म्हणताना तोच च टाळूकडे सरकतो. 'माझा' आणि 'माझी' मध्ये झचं तसंच होतं. इ, ई, ए आणि य पुढे आले की उच्चार सहसा टाळूचा होतो, एवढा नियम त्याला पुरे. जेवताना चमचे मोजायला लावले की सराव होतो.

लोकलमधला व्याकरणाचा तास

मराठीत परदेशी माणसाला सगळ्यात जड जातं ते सामान्यरूप: घोडा, पण घोड्याला. रस्ता, पण रस्त्यावर. तक्ते पाठ करण्यापेक्षा मध्य रेल्वेची ठाणे धिमी लोकल हा याचा फार चांगला धडा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे या वाटेवर दोन्ही टोकं धरून १९ स्टेशनं आहेत, धिम्या गाडीला साधारण तासभर लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी याच बोरीबंदर-ठाणे मार्गावर ३४ किलोमीटर धावली होती. म्हणजे स्थळदर्शनही होतं.

स्टेशनांची यादी देवनागरीत लिहून द्या आणि प्रत्येक नावाला 'ला' लावायला सांगा. परळला, दादरला, शीवला, घाटकोपरला, विक्रोळीला, मुलुंडला. शेवटी व्यंजन किंवा ई असेल तर नाव जसंच्या तसं राहतं. बदलतात फक्त चार: भायखळा-भायखळ्याला, माटुंगा-माटुंग्याला, कुर्ला-कुर्ल्याला आणि ठाणे-ठाण्याला. आ किंवा ए शेवटी आला की 'या' घुसतो, हे विद्यार्थी तासाभरात स्वतःच शोधून काढतो, आणि स्वतः शोधलेला नियम विसरत नाही. मग पश्चिम रेल्वेवर वांद्रे आणि विलेपार्ले देऊन परीक्षा घ्या. वांद्र्याला, पार्ल्याला.

गाडीतल्या घोषणाही ऐकायला लावा. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. पश्चिम रेल्वेवर एकाच स्टेशनचं नाव वांद्रे, बांद्रा आणि पुन्हा इंग्रजी ढंगाने असं तीनदा येतं, मध्य रेल्वेवर शीवचं सायन होतं. ही एकच जागा आहे हे आधी सांगितलं नाही तर विद्यार्थी नकाशावर दोन स्टेशनं शोधत बसतो. तसंच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोकांच्या तोंडी अजून 'व्हीटी' (व्हिक्टोरिया टर्मिनस) आहे. या इमारतीचं नाव १९९६ साली आणि मग २०१७ साली बदललं, पण टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगितलं तर तो क्षणभर थांबतोच. पाटीवरचं नाव आणि बोलण्यातलं नाव अशी दोन रकान्यांची वही ठेवायला सांगा.

बोलण्याचं काम इथे आयतं मिळतं. बसायला जागा नसेल तर मुंबईकर बसलेल्याला 'कुठे उतरणार?' विचारून ती जागा धरून ठेवतो. विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर म्हणून स्वतःचं 'मला ठाण्याला उतरायचंय' तयार ठेवायचं. या प्रश्नाला कोणी इंग्रजीत उत्तर देत नाही. 'घाटकोपर' एवढा एक शब्द येतो आणि तो समजतो.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. सकाळी आठ ते अकरा शहराच्या दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत नवख्याला चढवू नका. पाठीवरची बॅग पुढे घ्यायची, दारात उभं राहायचं नाही. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवायची वेळ, बघा. तो बहुधा दुपारच्याच वेळेत असतो आणि धिमी गाडी जलद मार्गावरून वळवली की यादीतली निम्मी स्टेशनं लागतच नाहीत. दादरला भेटायचं ठरलं असेल तर एक लक्षात ठेवा: डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग १ ते १४ असे आहेत, त्यातले ८ पासूनचे मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीने 'मध्यचा एक नंबर' सांगितलात तर विद्यार्थी पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभा राहील.

दादर, सकाळी सातला

एकच बाजार दाखवायचा असेल तर दादरचा फुलबाजार दाखवा. स्टेशनच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गावर. पहाटेपासून घाऊक गर्दी असते, सातच्या सुमाराला विक्रेते थोडे मोकळे होतात आणि किरकोळ गिऱ्हाइकाशी बोलतात. जमीन ओली असते, पायात पट्ट्याच्या चपला घाला.

काम: पाव किलो शेवंती घेणे. संवाद चार वाक्यांचा. 'मावशी, शेवंती कशी दिली?' भाव किलोचा सांगितला जातो, त्याचा चौथा हिस्सा मनात करायचा. 'पाव किलो द्या.' मावशी मूठभर फुलं तराजूत टाकतात, दोन काढतात, एक परत ठेवतात, आणि तेवढ्यात आकडा सांगून पुडी बांधायला घेतात. तो आकडा ऐकणं हीच खरी परीक्षा, कारण तो पटकन, खाली मान घालून सांगितलेला असतो. नाही कळला तर 'परत सांगा ना' म्हणायचं. बोटं दाखवायची नाहीत, मोबाइलचा कॅलक्युलेटर पुढे करायचा नाही. तुम्ही पाच पावलं मागे उभे राहा. बाजूला उभे राहिलात तर विक्रेता तुमच्याशीच बोलतो.

इथला नेहमीचा घोळ 'पाव' शब्दाचा. विद्यार्थ्याने तो वडापावात शिकलेला असतो. 'पाव द्या' म्हणाला तर फुलवाल्याला कळतं, पण बेकरीत 'पाव किलो' म्हणाला तर गोंधळ. दोन्ही अर्थ एकाच दिवशी शिकवा. भाजी बाजारात मोजमाप बदलतं: मेथीची जुडी, मिरच्यांचा वाटा. 'जुडी कशी दिली?' पण 'वाटा कसा दिला?' इथे लिंग आपोआप कानात बसतं, कारण चुकलं की भाजीवाली बरोबर रूप वापरूनच उत्तर देते.

नंतर जवळच्या मराठी खाणावळीत नाश्ता. भिंतीवरचा फळा देवनागरीत असेल अशीच जागा निवडा. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष. मागवायचं काम विद्यार्थ्याचं, 'तिखट कमी' हे दोन शब्द आधी पाठ. पहिला आठवडा कच्ची चटणी, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी टाळा. पोट बिघडलं तर तीन वर्ग बुडतात. गिरगाव, विलेपार्ले पूर्व, मुलुंड पूर्व आणि ठाण्याचं नौपाडा हेही असेच भाग. तिथे दुकानदार मराठीत सुरुवात करतो आणि मराठीतच थांबतो.

पाहण्याच्या मोठ्या जागा

या जागा सोडायच्या नाहीत, फक्त तिथे भाषेचं ओझं कमी ठेवायचं. बंद दिवस आधी बघा. घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, म्हणजे कान्हेरीही, सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीबाग बुधवारी बंद. घारापुरीला परदेशी पाहुण्याचं तिकीट ६०० रुपये आहे आणि भारतीयाचं ४०, कान्हेरीला ३०० आणि २५. हे आधी न सांगितल्यास खिडकीवर त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं. सार्क देशांतल्या विद्यार्थ्याला मात्र भारतीयांचाच दर लागतो, पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा.

घारापुरीला गेटवेवरून सकाळची पहिली किंवा दुसरी लाँच धरा, सुमारे तासाचा प्रवास. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद असतात, म्हणून हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चांगला. वर चढायला सुमारे १२० पायऱ्या. माकडं हातातलं खाणं ओढून नेतात. लेण्यातल्या सदाशिवाच्या मूर्तीपुढे व्याकरण काढू नका, शांत बघू द्या. उतरताना मात्र पायऱ्यांवरच्या विक्रेत्या बायका बेटावरच्याच गावांतल्या असतात आणि आपसांत मराठी बोलतात. त्यांना 'मावशी, तुम्ही इथेच राहता का?' एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात. दिवसभरातलं सगळ्यात मोकळं मराठी बहुधा तिथे ऐकू येतं.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. ती पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच. पुढे टॅक्सी, बस किंवा भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ही 'मेट्रो ३' मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. गर्दीच्या वेळी नवख्यासाठी लोकलपेक्षा ती सोयीची, पण बोलायची संधी तिथे जवळपास नाही.

चौथा आठवडा: नाटक

शेवटच्या आठवड्यात मराठी नाटकाला न्या. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर किंवा पार्ल्याचं दीनानाथ, जे जवळ पडेल ते. विनोदी कौटुंबिक नाटक निवडा. ऐतिहासिक नाटकातली भाषा चार आठवड्यांत पेलत नाही, आणि नुसत्या शब्दखेळांवर चालणारं नाटक तर आणखीच अवघड. आदल्या दिवशीच्या वर्गात पात्रांची नाती फळ्यावर लिहा: सासू, जावई, मेहुणा, नणंद. नाती कळली की निम्मं नाटक कळतं. कथा सांगून टाकलीत तरी चालेल.

तिकीट विद्यार्थ्यानेच खिडकीवर जाऊन काढावं: 'रविवारच्या दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं द्या, मधल्या रांगेतली.' फार पुढे बसलं तर सगळा रंगमंच एका नजरेत येत नाही, फार मागे ओठ दिसत नाहीत, आणि भाषा शिकणाऱ्याला ओठ दिसायला हवेत. तिसऱ्या घंटेच्या आधी दहा मिनिटं आत जाऊन बसा. प्रेक्षक कुठे हसतात ते मनात टिपून ठेवायला सांगा, अर्थ नंतर विचारता येतो. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहाच्या काउंटरवर मोठी गर्दी उसळते, पंधरा मिनिटांत परत यायचं असतं, आणि रांग अशी नसतेच. तिथे हात पुढे करून 'दादा, दोन वडे, दोन चहा' मोठ्याने सांगायचं काम विद्यार्थ्याचं. तुम्ही खुर्चीत बसून राहा.